काट्यावर पंधरा, पावतीवर पाच

पन्हाळा तालुक्यातल्या एका गावाच्या दूध संकलन केंद्रातून सचिवांचा फोन आला. "साहेब, पावत्या कधी बरोबर येत्यात, कधी चुकत्यात. लोक भांडाय लागल्यात." केंद्रावर नुकतीच नवी जोडणी झाली होती. इलेक्ट्रॉनिक काट्याची केबल रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर आली होती, वजन थेट संगणकात उतरत होतं आणि छोट्या प्रिंटरवर पावती निघत होती. बसवणाऱ्यांनी चाचणीही घेतली होती. रिकामा काटा शून्य दाखवतो, पाच किलोचं वजन ठेवलं की संगणकातही बरोबर ५.०० येतं, म्हणून काम पूर्ण झाल्याची सही घेऊन ते गेले होते.

सकाळच्या दुधाला मी तिथं पोचलो. रांग लागलेली होती. एका मावशींचं म्हशीचं दूध काट्यावर गेलं, डिस्प्लेवर १५.३० आले आणि पावती निघाली ५.३० ची.

"ओ साहेब, काट्यावर पंधरा तीस आन् पावतीवर पाच तीस कसं? धा किलो दूध गेलं कुठं?"

दहा किलो म्हशीचं दूध म्हणजे सहज पाचशे रुपयांच्या घरात. वैरण, पेंड, डॉक्टर असा सगळा खर्च ज्या बिलातून भागतो, त्यातली ही रक्कम. मला जास्त काळजी वाटली ती चुकीच्या आकड्याच्या रूपाची. ०.०० छापून आलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. ५.३० मात्र अगदी खरा वाटणारा आकडा आहे. मावशी डिस्प्लेकडे बघत उभ्या नसत्या तर तो तसाच दहा दिवसांच्या बिलात गेला असता.

केंद्रावर प्रत्येकाचं निदान तयार होतं. कुणी म्हणालं व्होल्टेज कमी-जास्त होतंय, कुणी म्हणालं कूलरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की असं होतं. हे संशय अगदीच बिनबुडाचे नव्हते. काट्यातून येणारी आरएस-२३२ केबल उणे-अधिक व्होल्टेजवर चालते, पायच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सहन करतात, म्हणून मधे मॅक्स३२३२ ही चिप लागते. तिथं जोड सैल असला किंवा ग्राउंड नीट नसला तर कचरा येतो. मी मल्टिमीटर लावून जोड तपासले. सगळं ठीक होतं.

मग मावशींना विनंती करून तीच किटली पुन्हा ठेवली. ५.३०. उचलून परत ठेवली, तरी ५.३०. इथं माझा संशय तारेवरून उठला. विजेच्या गोंधळातून येणारी चूक दर वेळी वेगळी दिसते. एकाच वजनाला प्रत्येक वेळी तीच चूक येत असेल, तर कुठंतरी एखादा नियम बसलेला आहे. बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवायचा वेग, चुकलेला असता तर शून्यही नीट आलं नसतं.

सचिवांनी रांग थोडा वेळ वहीवर घेतली. आधीची प्रणाली बंद करून पोर्टवर येणारे बाइट, म्हणजे एकेका अक्षराचे सांकेतिक आकडे, जसेच्या तसे आकड्यांत छापून बघितले. काट्याकडून '+०१५.३०' अशी सात अक्षरं आणि मग ओळ संपल्याची खूण येत होती. आस्की या अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीप्रमाणे ० म्हणजे ४८, १ म्हणजे ४९, ५ म्हणजे ५३. शून्य ४८ च येत होतं, ५ साठी ५३ च येत होता, पण १ च्या जागी १७७ होता. बादलीत थोडं थोडं पाणी ओतून दहाही अंक डिस्प्लेवर आणले आणि एका पावतीच्या पाठीवर लिहीत गेलो. ०, ३, ५, ६, ९ बरोबर. १, २, ४, ७, ८ चूक, आणि चुकलेल्या प्रत्येकात बरोबर १२८ जास्त.

एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे ० किंवा १ अशा आठ खुणा असतात, आणि १२८ म्हणजे त्यातला आठवा बिट. काटा सात बिट आणि सम पॅरिटीवर सेट केलेला होता, जुन्या वजनकाट्यांत हे सर्रास असतं. पॅरिटी म्हणजे पाठवणाऱ्याने जोडलेला एक तपासणी बिट. अक्षरात १ असलेल्या बिटांची संख्या विषम असेल तर तो १ होतो, सम असेल तर ०. '१' या अक्षरात असे तीन बिट आहेत, म्हणून आठवा बिट १ लागला. '५' मध्ये चार आहेत, म्हणून ० राहिला. संगणक मात्र आठ बिट, पॅरिटी नाही असं धरून वाचत होता आणि तपासणीचा बिट अक्षराचाच भाग समजत होता.

एवढ्यावर निदान कचरा तरी दिसला असता. पण पायथनच्या प्रोग्रॅममध्ये बाइटचं अक्षर करताना 'न कळणारं सोडून दे' असा पर्याय दिलेला होता. १७७ हे आस्कीत बसत नाही, म्हणून ते गुपचूप गळलं आणि '+०५.३०' उरलं. २६.५० चे ६.५०, ८.३५ चे ०.३५, ४.८० चे शून्य. क्वचित उलटही व्हायचं, ९.४५ मधला ४ गळून ९.५ व्हायचे. आणि चाचणीचं ते पाच किलोचं वजन? ००५.०० मध्ये एकही गळणारा अंक नाही. ती चाचणी कितीही वेळा घेतली असती तरी पासच झाली असती.

'न कळणारं सोडून दे' हा पर्याय मला वजनाच्या कामात मान्यच नाही. गाण्याचं नाव दाखवताना एखादं अक्षर गेलं तर चालेल, इथं गेलेला अंक कुणाच्या तरी गोठ्यातला असतो. काट्याला वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो, त्यामुळे डिस्प्लेवरच्या आकड्याला कायद्याचा आधार आहे. पण लोक पैसे घेतात ते पावतीवरून, आणि डिस्प्लेपासून पावतीपर्यंतच्या वाटेवर कुणाचाच शिक्का नाही.

रांग खोळंबली होती, म्हणून आधी तात्पुरता उपाय केला. प्रत्येक बाइटचा आठवा बिट पुसला, १७७ चे पुन्हा ४९ झाले. मावशींची किटली परत ठेवली. १५.३०. त्यांनी पावती डिस्प्लेला लावून अंक न् अंक जुळवला आणि मगच पदराला बांधली.

कायमचं काम दुपारी केलं. केबलवरचे बिट वाचणाऱ्या भागाला यूआर्ट म्हणतात. पाय ३ मध्ये चांगला यूआर्ट ब्लूटूथला दिलेला असतो आणि बाहेरच्या पिनांवर मिनी यूआर्ट येतो. या मिनी यूआर्टला पॅरिटी कळतच नाही, तशी सोयच त्या चिपमध्ये नाही. दूध डेअरीत ब्लूटूथ कुणाला हवंय? कॉन्फिग फाइलमध्ये ते बंद केलं, चांगला यूआर्ट पिनांवर आणला आणि सात बिट, सम पॅरिटी अशी जोडणी केली. प्रोग्रॅममध्ये अट घातली की सातही अक्षरं हवीत, दशांशचिन्ह आपल्या जागी हवं आणि लागोपाठ आलेली वजनं एकमेकांशी जुळायला हवीत, नाहीतर पावती निघणार नाही, लाल अक्षरांत 'वजन पुन्हा घ्या' येईल.

आधीच्या चुकलेल्या पावत्यांचा प्रश्न उरला होता. गळलेले अंक संगणकात कुठंच साठलेले नव्हते, ते परत मिळणं शक्य नव्हतं. पण सचिवांनी संगणक आल्यावरही डिस्प्ले बघून वहीत लिहायची सवय सोडली नव्हती. त्या वहीवरून एकेका सभासदाची नोंद दुरुस्त करत आम्ही संध्याकाळच्या दुधापर्यंत बसलो. ज्यांना थोडं जास्त लागलं होतं, त्यांच्याकडून ते परत घ्यायचं नाही असं सचिवांनी परस्पर ठरवून टाकलं.

आता कुठल्याही केंद्रावर काटा जोडला की पाच किलोच्या वजनानंतर बादलीत पाणी घेऊन १२.४८ आणि १७.२० हे दोन आकडे आणून बघतो. गळणारे पाचही अंक त्यात येतात.