वादळ सूर्यावरचं, मोजणी जांभ्याच्या घरात

मे २०२४. बागेत आंबा उतरवायची गडबड आणि मी माळ्यावर दोन गायगर नळ्या, म्हणजे किरणोत्साराचे कण मोजणाऱ्या नळ्या, एकावर एक बांधून बसलेलो. घर रत्नागिरीजवळ. एकटी नळी भिंतीतल्या जांभ्याच्या किरणोत्सारानंही टिकटिकते, म्हणून दोन्ही एकाच क्षणी वाजल्या तरच नोंद, अशी जोडणी केली. मला मोजायचे होते म्युऑन, म्हणजे अवकाशातले विश्वकिरण हवेवर आदळून तयार होणारे कण. वरून येणारा म्युऑन दोन्हींतून आरपार जातो.

हे जमायलाच दोन महिने गेले. खाऱ्या हवेनं सांधे हिरवे पडले, लाईट जायची ती वेगळीच. मिनिटाला जेमतेम दोन नोंदी. आई म्हणायची, "एवढ्या वेळात दोन पेट्या भरून झाल्या असत्या रे!"

१० मेच्या रात्री मोठं भूचुंबकीय वादळ आलं, म्हणजे सूर्यानं फेकलेल्या चुंबकीय ढगानं पृथ्वीचं चुंबकत्व हादरलं. लडाखात हानलेच्या आकाशात लाल आभा दिसली. मला वाटलं, सूर्य एवढा भडकलाय म्हणजे माझे ठोके वाढणार. पण असतं उलटंच. विश्वकिरण बहुतेक सूर्यमालेबाहेरून येतात, आणि तो चुंबकीय ढग त्यांच्या वाटेत आडवा येतो. पावसाळ्यात पडवीला झापं बांधली की झड कमी आत येते, तसं. अमेरिकन शास्त्रज्ञ स्कॉट फॉर्बुशनं १९३७ मध्ये ही घट टिपली, म्हणून ती फॉर्बुश घट.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझे आकडे खाली! मी आईला जिलबी आणायला सांगितली. मग आठवडाभराच्या नोंदी पाहिल्या, तर घट रोजच दहाच्या सुमाराला. हवेचा दाब त्या वेळी चढतो आणि दाब चढला की म्युऑन कमी होतात. जिलबी वाया गेली नाही, एवढंच.

दाबाचा परिणाम वजा करूनही वादळाची घट काही दिसेना. दिवसाला २,८८० नोंदी धरल्या, तर ५४ इकडे-तिकडे निव्वळ योगायोगानं होतात. म्हणजे जवळजवळ दोन टक्के. त्यात आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ. विश्वकिरण म्हणजे मुख्यतः प्रोटॉन; सुमारे १५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेखालच्या प्रोटॉनांना पृथ्वीचं चुंबकत्वच इथे येऊ देत नाही, आणि तो ढग अडवतो मुख्यतः अशाच दुबळ्या कणांना. फिनलंडमधल्या औलूच्या न्यूट्रॉन मापकाचा (तोही विश्वकिरणच मोजतो) आलेख इंटरनेटवर उघडला, तर तिथे रेघ सरळ खाली गेलेली.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्राममुळे मोजणीत गडबड होईल म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याहून हलवली होती. तसंच मीही इन्व्हर्टरला नळ्यांपासून दूर, पडवीत हलवलंय. आता मोठ्या सिंटिलेटर पट्ट्या, म्हणजे कण आरपार गेला की चमकणाऱ्या पट्ट्या, मागवल्यात. आल्या की आधी दाबमापक जोडणार.