पेट्रोलचा वास

शनिवार, १६ ऑगस्ट २०२५. ट्रॉय, मिशिगन.

सकाळी आईचा फोन. डोंबिवलीत पाऊस कोसळतोय, पण नाक्यावरचे गोविंदा हटायला तयार नाहीत. "तुमच्याकडे काय आज?" जत्रा, म्हटलं. जुन्या गाड्यांची.

ऑगस्टचा तिसरा शनिवार म्हणजे वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ साली फर्नडेलच्या लोकांनी मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायला ही टूम काढली. आता तिथपासून पॉन्टियाकपर्यंत वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या दोन्ही कडा घडीच्या खुर्च्यांनी भरतात. तिकीट नाही. गाड्या चालत राहतात, आपण बसून बघायचं.

दहाला रॉयल ओकमध्ये खुर्च्या मांडल्या आणि पहिला भपकारा आला. अर्धवट जळलेलं पेट्रोल! हा वास घालवण्याचाच तर मला पगार मिळतो. इंजिन गार असताना सुरू केलं की कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा नळकांड्यातला डबा, तापेपर्यंत सगळ्यात जास्त घाण बाहेर पडते. त्या मोजक्या सेकंदांशी माझं अकरा वर्षांचं भांडण आहे. इथल्या गाड्यांना कन्व्हर्टर सर्रास लागले ते १९७५च्या मॉडेलपासून, आणि आज समोरून जाणाऱ्या बऱ्याचशा त्याच्या आधीच्या. मी मात्र डोळे मिटून खोल श्वास घेत होते. दादर टीटीला मामाची वाट बघत उभं राहिलं की काळ्या-पिवळ्या फियाटींतून यायचा तो हाच. त्यात काय काय असतं ते मला पाठ आहे. तरीही.

मस्टँग इतक्या, की तासाभराने मान वळवणंही सोडलं. १९५९ची कॅडिलॅक गेली, मागे ते प्रसिद्ध उंच पंख. लोक उभे राहून ओरडले. मला नाही आवडत ती. लग्नात सगळे दागिने एकदम घालून आलेल्या काकूंसारखी दिसते. पॉन्टियाक जीटीओचा आवाज मात्र छातीत बसला. गाव अजून रस्त्याच्या टोकाला आहे, त्या नावाच्या गाड्या बनणं केव्हाच थांबलं.

दुपारी एका दुकानासमोर १९५७ची शेव्हरोले बेल एअर थांबलेली दिसली, निळसर हिरवी, छत पांढरं. चिरंजीव सकाळपासून फोनमध्ये होते, पण इथे त्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. "आई, पेट्रोल भरतात कुठून?" मालक आजोबा याच प्रश्नाची वाट बघत असावेत. डाव्या पंखाच्या टोकाची क्रोमची पट्टी त्यांनी बोटाने ओढली, मागे झाकण! लेकाने ते चार वेळा उघडून बंद केलं.

मग बॉनेट उघडलं. २८३ क्युबिक इंचांचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, आणि पेट्रोलच्या नळीवर ओळीने कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, त्यावर हा तोडगा. लाकूड उष्णता खेचतं म्हणे. मला काही पटलं नाही. तोंडावर आलेलं शास्त्र गिळलं, कारण आजोबा म्हणाले, "बसा, एक चक्कर मारू."

पुढची सीट म्हणजे अख्खा सोफा, खांद्यावरून पट्टा नाही. मैलभर गेलो असू, गर्दीत गाडी जेमतेम सरकत होती आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला. आजोबांनी शांतपणे हीटर लावला. बाहेर रणरणतं ऊन, आत पायांवर गरम वाफा. इंजिनाची उष्णता आपण वाटून घ्यायची, एवढाच अर्थ. काटा खरंच खाली आला. मागे लेक हसून लोळत होता. तीच उष्णता आम्ही हल्ली सेन्सर आणि पंख्यांकडून आवरून घेतो, गाडीतल्याला पत्ताही लागत नाही. आजोबांची नजर मात्र सारखी त्या काट्यावर.

उतरवताना त्यांनी विचारलं, मी काम काय करते. सांगितलं. "म्हणजे माझ्या गाडीच्या वैरी तुम्ही!" म्हणाले, आणि मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटर दाबून माझ्या अंगावर धूर सोडून गेले.

घरी नवऱ्याने दारातच फर्मान काढलं, आधी आंघोळ. केली. केस उद्या धुवेन.