वुपाटकी: अर्धा मैल वाळवंट आणि एक श्वास घेणारं भोक

ट्रेल जाऊन-येऊन फक्त अर्ध्या मैलाचा. पाटीवर ते वाचून आई म्हणाली, "एवढंच? मग ही छत्री कशाला उचललीस?" आणि दहा मिनिटांत ती छत्री तिच्याच डोक्यावर होती, कारण इथे सावली नावाला सुद्धा नाही. झाड नाही, आडोसा नाही, गुडघ्याएवढी झुडपं, पिवळं गवत आणि पायाखाली करकर वाजणारी काळी खडी. ही खडी म्हणजे ज्वालामुखीची राख आहे हे आधी वाचलं होतं, पण ती बुटाखाली वाजते तेव्हा वेगळंच वाटतं.

हे अमेरिकेतल्या उत्तर ॲरिझोनातलं वुपाटकी नॅशनल मॉन्युमेंट, फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला. ग्रँड कॅन्यनच्या पूर्व बाजूला जाणाऱ्या कितीतरी गाड्या याच हायवेवरून जातात आणि इकडे वळत नाहीत, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1924 पासून ही जागा संरक्षित आहे आणि आत एक नाही, शेकड्यांनी जुन्या घरांचे अवशेष पसरलेत, त्यातल्या मोजक्याच ठिकाणी चालत जायला परवानगी आहे.

आम्ही सकाळी लोमाकीचा ट्रेल घेतला. वाटेत जमिनीला एक मोठी भेग पडलेली आहे, चुनखडीचा खडक सरळ चिरत गेलाय, आणि त्या भेगेच्या अगदी काठावर दोन्ही बाजूंना घरं. काठावर म्हणजे खरंच काठावर, भिंत जिथे संपते तिथून खाली दरी. शेवटी लोमाकी, होपी या इथल्या मूलनिवासी लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ सुंदर घर. आणि सुंदरच आहे हो! लाल वालुकाश्माच्या चपट्या लाद्या एकावर एक, मध्ये मातीचा गिलावा, कोपरे अजून सरळ, आणि आठशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या दारातून समोर सॅन फ्रान्सिस्को पीक्स हे डोंगर दिसतात, 12,633 फुटांचा सगळ्यात उंच सुळका धरून. दार इतकं बुटकं की वाकावंच लागतं. आई दारासमोर उभी राहून म्हणाली, "थंडीत ऊब बाहेर जाऊ नये म्हणून गं." मला पटलं. भिंतींना हात लावायचा नाही, टेकायचं नाही, हे मात्र कटाक्षाने पाळा, मातीचा सांधा एकदा सुटला की तो मूळचा राहत नाही.

माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता, इथे पाणी कुठून? जवळ नदी वाहत नाही, विहीर दिसत नाही, आणि तरी लोक शेती करायचे, मका, घेवडा, भोपळा. 1085 च्या सुमारास इथून जवळच सनसेट क्रेटर या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि राख सगळीकडे पसरली. जिथे जाड थर पडला तिथली शेतं गेली, पण जिथे पातळ पडला तिथे त्याने जमिनीची ओल धरून ठेवली असं बरेच अभ्यासक मानतात, शिवाय तो काळ जरा बऱ्या पावसाचाही होता. त्यात हे लोक दगडांच्या ओळी लावून वाहतं पाणी अडवायचे. म्हणजे जी काळी खडी मी सकाळपासून तुडवत होते तिच्यावरच मका उगवला होता! हे लक्षात आल्यावर मी खरंच थांबून खाली वाकून ती बघितली.

दुपारी मुख्य वुपाटकीला गेलो. एका खडकाला धरून बांधलेला शंभरेक खोल्यांचा वाडाच तो, काही ठिकाणी तीन मजली. मोठा खडकच काही खोल्यांची भिंत झालाय. इथे 40 च्या आसपास मकाव पोपटांचे सांगाडे सापडले, ते लाल पोपट दूर दक्षिणेच्या मेक्सिकोकडचे, म्हणजे कुणीतरी ते जिवंत पक्षी या वाळवंटातून पायी आणले होते, तेव्हा या भागात ना घोडा होता ना चाकाची गाडी. मला त्या माणसाबद्दल फार वाटत राहिलं, वाटेत त्या पक्ष्याला पाणी कसं पाजलं असेल.

1250 च्या आसपास लोक इथून निघून गेले. आपण लगेच ओसाड म्हणतो, मी पण फोटोखाली तोच शब्द लिहिला होता. पण होपी लोक म्हणतात की ही जागा सोडून दिलेली नाहीच, इथे राहिलेले आणि इथेच गेलेले पूर्वज अजून तिची राखण करतात. ते वाचल्यावर मी तो शब्द खोडला, आणि नंतर त्या खोल्यांजवळून जाताना आमचा आवाज आपोआप खाली आला.

वाड्याच्या खालच्या अंगाला चेंडूच्या खेळाचं गोल मैदान आहे आणि त्याच्या शेजारी जमिनीत एक भोक, वर जाळी बसवलेली. खाली खडकात भेगांचं जाळं आहे, बाहेरच्या हवेचा दाब बदलला की हवा कधी आत ओढली जाते, कधी जोरात बाहेर येते. आम्ही गेलो तेव्हा भर ऊन आणि आतून गारेगार झोत! आईने छत्री मिटून बाजूला ठेवली, जाळीवर तळहात धरला, केस उडायला लागले तिचे.

"श्वास घेतंय गं हे," ती म्हणाली.

निघायची वेळ कधीच झाली होती पण ती उठेना, मग मी पण पाण्याची बाटली टेकवून तिच्या शेजारी बसले.