‘इन द पाइन्स’ बसवताना: कोबेनकडून मागे मागे

‘इन द पाइन्स’ हे जुनं अमेरिकन लोकगीत गिटारवर बसवतोय. निर्वाणा या रॉक बँडच्या अनप्लग्ड (विजेच्या वाद्यांऐवजी साध्या वाद्यांवरच्या) मैफलीतली मांडणी आता न अडखळता वाजते. गिटार अर्धा सूर उतरवलेली, कॉर्ड चारच: ई, ए, जी, बी. बोटांना फारसं काम नाही, कस लागतो तो गळ्याचा. बँडचा गायक कर्ट कोबेन शेवटचं कडवं एक सप्तक वर नेतो आणि अखेरच्या ओळीत मध्येच थांबून श्वास घेतो. ते सप्तक माझ्याकडे नाही. कडवं खालीच ठेवलंय, नुसतं स्ट्रमिंग जोरकस केलंय. चालून जातं.

18 नोव्हेंबर 1993 च्या त्या मैफलीत कोबेनने जुना लोकगायक लेडबेली याचं नाव घेतलं होतं, म्हणून पुढचा मुक्काम लेडबेलीचं 1944 चं ध्वनिमुद्रण. त्याची गिटार बारा तारांची. माझ्या सहा तारांवर मी खर्ज अंगठ्याने चालता ठेवतो, तेवढ्यानेही रंग बदलतो. शब्द जवळपास तेच: काल रात्री कुठे झोपलीस? पाइनच्या रानात, जिथे ऊन पोहोचत नाही. पण गाण्यातल्या मुलीच्या नवऱ्याचं मुंडकं इंजिनाच्या चाकात सापडलं, हे लेडबेली बातमी सांगावी तसं सांगतो. कोबेनच्या किंकाळीपेक्षा मला तेच जास्त लागतं.

ब्लूग्रास गायक बिल मन्रोच्या 1941 च्या तबकडीत मुंडकं नाहीच. तिथे आगगाडी आहे, इतकी लांब की इंजिन सहाला गेलं आणि शेवटचा डबा नऊला. मधूनमधून उंच आवाजातले हुंकार. म्हणजे भयकथा गेली, विरह उरला. काही गायक ही गाडी जो ब्राउनच्या कोळसा खाणीकडे नेतात. हा जॉर्जियाचा माजी गव्हर्नर, त्याच्या खाणीत भाड्याने घेतलेले कैदी राबत. हे कळल्यापासून ते कडवं गाळायची माझी तयारी नाही.

लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पला 1917 मध्ये केंटकीत या गाण्याच्या चारच ओळी मिळाल्या होत्या. तेव्हा ‘मूळ पाठ कुठला’ हा वाद मी सोडून दिलाय. माझ्या मांडणीत ब्राउनची गाडी आधी, मुलीला प्रश्न नंतर, मुंडकं शेवटी. ठेका तीनचाच, मन्रोपेक्षा थोडा संथ. गाडीवरून प्रश्नावर येतानाचा सांधा अजून जमत नाही. तिथे नुसत्या खर्जाचं एक आवर्तन घालून बघतोय.

डॉक वॉल्शचं 1926 चं बँजोवरचं ध्वनिमुद्रण कुणी बसवलं असेल तर उजव्या हाताचं काय करता, ते सांगा.