वीतभर विठोबासाठी बेलापूरला

"लाकडाचा हवा. आणि वीतभरच हवा." आईच्या अटी दोनच होत्या.

नौपाड्यातलं आमचं जुनं घर पुनर्विकासाला गेलं आणि आम्ही घोडबंदर रोडला राहायला आलो. सामान लावताना देवघराशी येऊन आई थांबली. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, शाळिग्राम सगळे आपापल्या जागी बसले, पण मधली जागा तिने मोकळी ठेवली. तिच्या माहेरी, सावंतवाडीला, कोनाड्यात लाकडी विठोबा होता. चितारआळीत केलेला, रंगवलेला, पांगाऱ्याच्या लाकडाचा. तिच्या लहानपणीच त्याला कीड लागली. आजोबांनी तो तळ्यात सोडला आणि नंतर त्याच्या जागी फोटो आला. इतक्या वर्षांत ती याबद्दल कधी बोलली नव्हती. नव्या देवघराची रिकामी जागा बघून बोलली.

वीतभर का, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. मोठी मूर्ती देवळात, घरात अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत. हे मी नंतर पडताळून पाहिलं. मत्स्यपुराणात अगदी हेच माप दिलंय.

बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर तिथे आपला माल घेऊन येतात आणि त्या आठवड्यात लाकूडकामाचे बरेच जण आलेत असं कळलं. रविवारी मेगाब्लॉकची धास्ती, म्हणून शनिवार धरला. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून पनवेल गाडी पकडली. आईला खिडकी मिळाली. डावीकडे एमआयडीसीचे कारखाने, त्यांच्यामागे पारसिकचा डोंगर, दगडाच्या खाणींनी जागोजागी खरवडलेला. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली. कोपरखैरण्याला आई म्हणाली, "आमच्या लग्नानंतर इथे नुसती मिठागरं आणि भातशेती होती." नेरूळपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती. पाऊण तासाच्या आत बेलापूर आलं आणि तिथून रिक्षाने हाटाच्या दाराशी.

माघातली सकाळ होती, ऊन अजून मऊ. पहिल्या ओळीत सहारनपूरचं शीशम मांडलेलं: पोथी ठेवायच्या घडीच्या रेहल, जाळीचे पाट, दिवे. त्यापुढे कोंडापल्लीचे दशावतार, बोटभर उंचीचे, चकचकीत रंगांचे. आईने मत्स्यावतार उचलला आणि लगेच म्हणाली, "हलकां आसा, पण ह्यां पांगाऱ्याचां न्हय." ठाण्यात पन्नास वर्षं काढूनही लाकडाचं नाव निघालं की तिची मालवणी परत येते. तिचं बरोबर होतं. ते आंध्रातलं पोणिकी नावाचं हलकं लाकूड असतं. हात, पाय, मुकुट वेगवेगळे करून चिंचोक्याची पूड आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडतात, मग रंगवतात. सुबक होते, पण जोडलेला देव आईला नको होता.

एका गाळ्यावर रक्तचंदनाचा बालाजी होता, गडद तांबडा, हाताला जड. मी नाकाशी नेला तर वास नाही. तो नसतोच. रक्तचंदन आणि आपण सहाणेवर उगाळतो ते चंदन ही दोन वेगळी झाडं आहेत. रक्तचंदन मुख्यतः आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरात होतं आणि त्याच्या तोडीवर, व्यापारावर कडक बंधनं आहेत, म्हणून घेताना कागद मागायलाच हवेत. पांढऱ्या चंदनाच्या बाबतीत आमच्याच घरात एकदा फसवणूक झाली आहे. मावशीने यात्रेहून येताना रस्त्यावरच्या एका दुकानातून 'चंदनाचा' गणपती आणला होता. दोन महिन्यांत त्याचा वास उडून गेला. साध्या पांढऱ्या लाकडावर अत्तर चोळलेलं होतं. मावशीला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं ते याचं, की दोन महिने तिने त्याला चंदन समजून जपलं होतं. खऱ्या चंदनाचा वास गाभ्यातून येतो. मूर्तीच्या तळाला कोपऱ्यात जरा घासलं की तो नव्याने दरवळतो. विकणारा घासू देत नसेल, तर पुढे जावं.

मशीनवरच्या मूर्तीही होत्या, खूप. त्या ओळखायला मी हळूहळू शिकले. मशीनचं पातं वरून फिरतं, त्यामुळे जे वरून दिसत नाही तिथे ते सहसा पोचत नाही. कानाच्या पाठीमागे, हाराच्या खाली, बोटांच्या आतल्या बाजूला बोट घालून बघावं. हाताने कोरलेल्या मूर्तीत तिथेही पटाशी गेलेली असते, पोकळी लागते. मशीनच्या मूर्तीत हार छातीला चिकटलेलाच असतो. शिवाय ओळीत चार गणपती ठेवले आणि चारही सोंडांवरच्या रेघा एकाच खोलीच्या निघाल्या, की समजावं. मशीनची मूर्ती वाईट, असं मी म्हणत नाही. ज्याला जे परवडतं त्यात त्याचा देव असतो. पण हातकामाचा भाव लावून मशीनचा माल विकणं मला सहन होत नाही.

मग पुरीचा गाळा लागला. जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा, सगळीकडे गोल डोळे. आई तिथे बसूनच राहिली. गाळ्यावरचा मुलगा पुरीचाच, हिंदी बरं बोलणारा. आईने त्याला तिचा खरा प्रश्न विचारला. मला तो तोवर माहीतच नव्हता. "लाकडाच्या देवाला अंघोळ कशी घालायची?"

आमच्याकडे रोज देव ताम्हनात घेतात, पळीने पाणी घालतात, पुसतात, गंध लावतात. लाकूड रोज भिजवलं तर वर्षभरात तडकेल. तिच्या माहेरच्या विठोबालाही रोजच्या पाण्यानेच कीड लागली असावी, असं तिच्या मनात इतकी वर्षं होतं.

मुलगा म्हणाला, पुरीतही रोज तेच आहे. देवळात सकाळी देवासमोर पितळी आरसा धरतात, त्यात देवाचं प्रतिबिंब पडतं आणि स्नान त्या प्रतिबिंबाला घालतात. खुद्द अंगावर पाणी वर्षातून एकदाच, ज्येष्ठ पौर्णिमेला, 108 घड्यांचं. त्यानंतर देवांना ताप येतो. पंधरा दिवस दर्शन बंद. त्या काळात त्यांचे रंग पुन्हा चढवतात आणि मग रथयात्रा. आई ऐकता ऐकता पदर सावरून नीट बसली. "म्हणजे भिजलं की आजारी पडतो, हे त्यांनाही कळलंय," ती म्हणाली.

तिथले देव कडुनिंबाचे. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो, त्या वर्षी नवी झाडं शोधून नवे देह घडवतात. त्याला नवकलेवर म्हणतात. मागचं 2015 साली झालं, त्याआधीचं 1996 साली. जुने देह देवळाच्या आवारातच पुरतात. मला यातली झाडाची निवड फार विलक्षण वाटते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड आणायला रानात कसं जावं, यावर एक अध्यायच लिहिलाय. स्मशानातलं झाड नको, वारुळावरचं नको, वाटेवरचं नको, असं तो सांगतो. आणि पुरीच्या मूर्तींसाठी झाड शोधताना स्मशान जवळ हवं, वारूळ हवं, तिथे साप हवा, अशाच खुणा बघतात. शास्त्राने जे बाजूला काढलं, नेमकं तेच जगन्नाथाने आपलं म्हटलं. याच अध्यायात झाड तोडण्याआधीची प्रार्थनाही आहे. झाडावर वस्ती करून असलेल्या जिवांनी हा बळी घ्यावा, दुसरीकडे राहायला जावं, आम्हाला क्षमा करावी. लोकलमधून पारसिकचा डोंगर बघताना मला ती आठवत होती.

तिथून आम्ही जगन्नाथ घेतले नाहीत. आईला कटीवर हात हवे होते.

शेवटच्या ओळीत तमिळनाडूतल्या पेरांबलूर जिल्ह्यातल्या अरुंबावूरचा एक कारागीर बसला होता. पन्नाशीचा, चष्म्याला दोरी. त्या गावच्या कामाला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. गणपती, मुरुगन, नटराज मांडलेले, आणि कडेला चार विठोबा. मुंबईकडे यायचं म्हणून मुद्दाम कोरून आणलेले. त्यांचा मुकुट जरा तमिळ वळणाचा, उंच. पण पायाखाली वीट होती, कानात मकरकुंडलं होती आणि हात कमरेवर होते.

"अण्णा, कसलं लाकूड?" आईने विचारलं. तो म्हणाला, "वागै." मी फोनवर झाडाचा फोटो शोधून दाखवला तेव्हा आईने ओळखलं. आपला शिरीष. आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी एक होता, उन्हाळ्यात वाळलेल्या शेंगा वाजायच्या.

त्याच्याशी पाऊण तास बोललो. अर्धी हिंदी, अर्ध्या खुणा. मूर्ती एकाच ठोकळ्यातून काढायची, जोड नाही. झाडाचा मुळाकडचा भाग खाली, शेंड्याकडचा वर. उलटा ठोकळा तो लावतच नाही. हे ऐकून मला चटका बसल्यासारखं झालं, कारण वराहमिहिरही तेच म्हणतो: झाड जसं उभं होतं तशीच मूर्ती उभी करावी, म्हणून तोडताना दिशांच्या, वर-खालीच्या खुणा करून ठेवाव्यात. या माणसाने तो ग्रंथ वाचला असेल असं मला वाटत नाही. त्याला ते वडिलांनी सांगितलं होतं.

मग त्याने विठोबा आडवा धरून त्याच्या कोपरावर अंगठा ठेवला. "इधर टूटता है." लाकडाच्या रेषा उभ्या जातात. सरळ उभा देव म्हणून लाकडाला सोपा, पाय, धड, मुकुट सगळं रेषेतच. पण कमरेवरचा हात रेषेला आडवा येतो. कोपराशी रेषा तुटक होतात आणि तिथलं लाकूड जरा धक्क्याने निघतं. म्हणून काही जण हात आणि अंग यांच्यामधली जागा कोरतच नाहीत, भरीव ठेवतात. याने चारांपैकी दोन भरीव ठेवले होते आणि दोन मोकळे. मोकळ्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. त्याला चारपट वेळ लागतो म्हणाला. आधी बारीक छिद्र, मग अरुंद पटाशी, मोगरीचा ठोका अगदी हलका, शेवटी काचकागदाची सुरळी आत फिरवायची.

आईने दोन्ही हातांत एकेक घेतला. डोळे मिटून कमरेशी बोटं फिरवली. मी काही बोलले नाही. भरीव जास्त टिकेल, हे तिलाही कळत होतं. तिने मोकळा निवडला.

भावाची घासाघीस तिने केली नाही. भाजीला दोन रुपयांसाठी थांबणारी बाई, पण इथे त्याने सांगितले तेवढे साडेतीन हजार मोजून हातात ठेवले. त्याने मूर्ती आधी कपाळाला लावली, मग सुती कपड्यात गुंडाळून दिली. निघताना आईला म्हणाला, "अम्मा, समईपासून हातभर लांब. तेल नको, पाणी नको. कोरडं फडकं. आणि पावसाळ्यात बंद कपाटात नको, वारा लागू द्या." घोडबंदरला खाडीचा दमटपणा किती, हे त्याला कुठून माहीत असणार, पण सांगितलं ते अगदी आमच्या घराचंच होतं. खोबरेल लावून मूर्ती चमकवायची सवय अनेक घरांत असते. ती मोडायला हवी. खोबरेल खवट होतं, धूळ धरतं, आणि वर्षा-दोन वर्षांत चेहऱ्याची रेघ बुजते.

परतीच्या गाडीत आईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. ऐरोलीला गर्दी वाढली, एका मुलीने सामान वर ठेवू का विचारलं, तर म्हणाली, "नको गं, देव आहे."

घरी आल्यावर मी भागवताचा अकरावा स्कंध काढला, एकनाथांनी ज्यावर टीका लिहिली तो. सत्ताविसाव्या अध्यायात मूर्तीचे आठ प्रकार आहेत. दगडाची पहिली, लाकडाची दुसरी, मग धातू, लेप, चित्र, वाळू, मन आणि रत्न. पुढे लगेच स्नानाचंही आहे. जी पाण्याने बिघडेल, तिला नुसतं पुसावं. मी आईला वाचून दाखवलं. तिने मान हलवली, पण तिचं आधीच ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताम्हनात नेहमीचे देव आले, पाणी झालं, पुसून जागी गेले. मग तिने बाबांचा दाढीचा जुना गोल आरसा ताम्हनात उभा केला आणि विठोबासमोर धरला. दोनदा कलता करून पाहिला. तिसऱ्यांदा मुकुटापासून विटेपर्यंत पूर्ण दिसला. तिने पळीभर पाणी आरशावरून सोडलं. थेंब ओघळताना काचेतला विठोबा जरासा हलला. आईने कोरडं फडकं घेतलं, आधी आरसा पुसला, मग मूर्ती, आणि सगळ्यात शेवटी फडक्याचं टोक पिळून कोपराच्या त्या मोकळ्या जागेतून हळूच पलीकडे काढलं.