तिसऱ्या कडव्यातला श्वास

लाइव्ह अल्बमचं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या माइकचे आवाज एकत्र जुळवणं, ही निम्मी साफसफाई. खोकले काढा, माइक स्टँडला लागलेला धक्का काढा, प्रेक्षकांकडे तोंड केलेले माइक स्टेजच्या माइकशी जुळवून घ्या. आवाजाला एक मीटर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. वीस मीटरवरच्या माइकचं रेकॉर्डिंग तेवढं पुढे न सरकवता मिसळलं, तर गाणं हौदात बसून गायल्यासारखं वाटतं. हे सगळं मी अर्धवट झोपेतही करतो.

हा गट तिघींचा. बऱ्याच वर्षांनी एकत्र आलेल्या. मधे काय बिनसलं होतं ते मी विचारलं नाही. जुनी गाणी त्यांनी एका स्वराने खाली घेतली होती. वयानुसार बायकांचा आवाज उतरतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कंपनीच्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं, "मिक्समध्ये परत वर नेता येईल ना?" अशा माणसांच्या सह्यांवर अल्बम निघतात.

शेवटच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यात, मुख्य गायिकेचा आवाज वरच्या स्वरावर फाटला. मधे नुसती हवा. आणि खालचा सूर धरणारी आपली ओळ टाकून थेट वर गेली आणि तो स्वर तिने उचलून धरला.

मी तिचा ट्रॅक एकटा लावला. वर जाण्याआधीचा तिचा श्वास ऐकू येत होता, पण तो होता आवाज फाटायच्या आधी. जवळपास ४०० मिलिसेकंद आधी. कर्सर लावून तीनदा मोजलं. मग मुख्य गायिकेचा आधीचा स्वर फिरवून फिरवून ऐकला. सूर पक्का होता, फक्त त्यातला कंप थांबला होता. मला ते दहाव्या खेपेला, बंद खोलीत कळलं. खालचा सूर धरणारीने ते ड्रम्स वाजत असताना ऐकलं होतं.

निरोप आला: दुरुस्त करा. ऑटो-ट्यून, म्हणजे चुकलेला सूर जागेवर ओढणारं सॉफ्टवेअर, १९९७ साली आलं, तेव्हापासून लोकांना वाटतं की बटण दाबलं की झालं. पण फाटलेल्या आवाजात ओढायला सूरच नसतो. शिवाय तिघी हातभर अंतरावर उभ्या, त्यामुळे प्रत्येकीच्या माइकमध्ये बाकी दोघी थोड्या थोड्या असतातच. एकीचा सूर सरकवला की शेजारच्या माइकमधला जुना सूर त्याला घासत राहतो.

म्हणून मुख्य गायिका स्टुडिओत येऊन पुन्हा गायली. पहिल्याच टेकला, सुरेख. आवाज तिचा, तेव्हा निर्णयही तिचाच, हे मला मान्य आहे. पण आता वर दोघी झाल्या आणि खाली कोणीच उरलं नाही.

"मग मी वर कशाला गेलेय?" खालचा सूर गाणारीने विचारलं. रास्त प्रश्न होता. तिची ओळ पुन्हा घेतली. मग तिसरीच्या माइकमध्ये जुना फाटका आवाज होताच, म्हणून तिचीही. चार मात्रांच्या ठिगळाला दोन दिवस गेले. कव्हरवर मात्र ठळक अक्षरांत 'लाइव्ह'.

काम संपल्यावर खालचा सूर गाणारी थांबली. म्हणाली, स्टेजवरचं एकदा ऐकव. ऐकलं. फाटलं तिथे ती किंचित हसली.

"हे आता कुठेच नसणार ना?"

"नाही."

"बरं." पर्स उचलून निघाली.

त्या रात्री फाइल्स पाठवण्याआधी मी स्टेजच्या ट्रॅकमधला तिचा तेवढा श्वास कापून जुन्या जागी परत ठेवला, फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, बराच खाली ठेवून. कोणाला विचारलं नाही. आता तिथे श्वास येतो आणि वर कोणीच जात नाही. हे बरोबर केलं की चूक, ते अजून ठरत नाही.

मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्या मास्टरिंगवाल्याचा फोन आला. "तिसऱ्या कडव्यात एक श्वास राहिलाय, काढू का?"

म्हटलं, नको, असू दे.