फूल बरोबर, पण उकल कुठाय?

"एक मळकट डबकं, त्यात फूल (३)"

परवा रात्री दादानं शब्दकोड्याचं हे शोधसूत्र पाठवलं. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरं. आम्हा बहीणभावांचा हा रोजचा नेम आहे. एक दिवस सूत्र त्यानं रचायचं, एक दिवस मी. ज्यानं सोडवायचं त्यानं नुसतं उत्तर द्यायचं नाही, उकलही सांगायची, म्हणजे सूत्रातल्या शब्दांतून ते उत्तर कसं निघतं ते.

मी वाचल्या वाचल्या लिहिलं, "पंकज." पंक म्हणजे चिखल आणि ज म्हणजे जन्मलेलं. मळकट डबक्यात जन्मलेलं फूल, पं-क-ज, तीन घरं. शंकेला जागाच दिसेना.

दादाचं उत्तर आलं, "उकल सांग. 'एक' कशासाठी आहे?"

'एक'ला मी विसरूनच गेले होते. आणि 'मळकट'च का, 'गढूळ' का नाही, हेही मला सांगता येईना. मग लक्षात आलं की याच न्यायानं नीरज, सरोज, जलज, कमल ही सगळी नावं तीन घरांत बसतात. एका फुलासाठी संस्कृतनं आपल्या पदरात इतकी नावं टाकली आहेत की नुसत्या अर्थावर विसंबलं तर प्रत्येकाचं उत्तर बरोबर ठरेल.

मग मी डबकं डोळ्यांपुढून काढून टाकलं आणि वाक्य प्रुफं वाचते तसं वाचलं. मुद्रितशोधन हाच माझा व्यवसाय, त्यामुळे अर्थ बाजूला ठेवून अक्षरावर अक्षर बघायची डोळ्यांना सवय आहे. ए, क, म, ळ, क, ट. 'एक'चं शेवटचं अक्षर आणि 'मळकट'ची पहिली दोन. कमळ! सूत्रातल्या 'त्यात'चा अर्थ अक्षरशः 'त्यात' होता. ते सूत्रात उघड्यावर उभं होतं आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेमुळे मला दिसत नव्हतं. शिवाय 'मळकट'मध्ये ळ आहे, म्हणजे 'कमल'ही बाद. आता एकच उत्तर उरलं, आणि ते का, हे मी शपथेवर सांगू शकत होते.

गूढ शब्दकोडं मला साध्या कोड्यापेक्षा जास्त न्यायी वाटतं ते यासाठी. पुष्कळांना उलट वाटतं. साध्या कोड्यात 'फूल (३)' एवढंच असतं. तुम्ही आठवेल ते लिहिता आणि आडव्या-उभ्या शब्दांची गाठ पडेपर्यंत ते बरोबर की चूक, कळायला मार्ग नसतो. गूढ सूत्रात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एका टोकाला सरळ अर्थ, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा खेळ, आणि दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन भेटाव्या लागतात. साक्षीदार सूत्रातच बसलेला असतो.

ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आलं, त्यात साधेच अर्थ दिले होते. गूढ सूत्रांची तऱ्हा ब्रिटनमध्ये रुजली, ती १९२०च्या दशकात. 'ऑब्झर्व्हर'साठी 'टॉर्केमादा' या टोपणनावानं कोडी रचणारे एडवर्ड पॉइस मॅथर्स आरंभीच्या रचनाकारांतले, आणि त्यांची कोडी अतिशय अवघड असत. १९३९मध्ये ते गेल्यावर ती जागा डी. एस. मॅकनट यांनी घेतली, 'झिमेनीज' या नावानं. चांगल्या सूत्रात काय असावं हे मॅकनट यांनी १९६६मध्ये लिहून ठेवलं. त्याचा मथितार्थ असा: नेमका अर्थ, अक्षरखेळाची प्रामाणिक खूण, आणि याखेरीज काहीही नाही. मला यातलं 'काहीही नाही' सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक शब्दाला काम हवं.

याच कसोटीवर दादाच्या सूत्रात एक खोट आहे, आणि मी ती त्याला सांगितली. 'डबकं' या शब्दाला अक्षरखेळात काही काम नाही, तो फक्त चित्र रंगवायला आला आहे. त्याचं म्हणणं, 'एक मळकट डबकं' हे सगळं मिळून एक भांडं आहे, त्यात कुठेतरी कमळ आहे, एवढंच सूत्र सांगतं. पटण्यासारखं आहे, पण पुरतं पटलं नाही. मग मी म्हटलं, 'एका मळकट जागेतलं फूल' असं करून बघ. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं, कारण 'जागेतलं' म्हटल्याबरोबर 'एक'चं 'एका' झालं आणि कमळ बुडालं.

मराठीत सूत्र रचणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. आपली नामं विभक्ती लागली की रूप बदलतात. तवा उलटा करायचा असेल तर 'तव्याला उलटं कर' म्हणून चालत नाही, तिथे 'तवा' उरलेलाच नसतो. म्हणून आम्ही आमच्यापुरता एक नियम ठरवला आहे: ज्या शब्दाची अक्षरं जशीच्या तशी वापरायची, तो शब्द सूत्रात मूळ रूपातच यायला हवा. ज्याच्या बदल्यात दुसरं काही घ्यायचं, त्याला हवी ती विभक्ती लावा. उदाहरणार्थ, "तात्पर्याच्या पोटात गंधार घुमला की समुद्र (३)". तात्पर्य म्हणजे सार, गंधार म्हणजे ग. 'सार'च्या पोटात 'ग' ठेवला की सा-ग-र. 'तात्पर्याच्या' हे रूप बदललेलं असलं तरी बिघडत नाही, कारण त्याची अक्षरं आपण वापरतच नाही.

या सूत्रातल्या गंधाराबद्दल थोडं सांगायलाच हवं. इंग्रजी रचनाकारांच्या हाताशी एकेका अक्षराची ढीगभर संक्षिप्त रूपं असतात: दिशा, रोमन आकडे, मूलद्रव्यांच्या खुणा, बुद्धिबळातले मोहरे. मराठीत एकाक्षरी संक्षेप इतके रुळलेले नाहीत. आपल्याकडे सात स्वर आहेत! षड्ज म्हणजे सा, ऋषभ म्हणजे रे, पंचम म्हणजे प. हे ज्या दिवशी मला उमगलं, त्या दिवशी मी वहीची चार पानं भरवली. "पंचम थंड, महिनाभराच्या कष्टाचं फळ (३)" म्हणजे प आणि गार मिळून पगार. दादाचं याच जातीचं सूत्र माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे: "षड्ज-पंचम जुळले आणि बिळातून बाहेर आला (२)". सा आणि प. साप! तानपुऱ्यावर एरवी हेच दोन स्वर जुळवतात, त्यामुळे वाचणारा गाण्याच्या मैफिलीत जाऊन बसतो आणि साप पायाशी येईपर्यंत त्याला कळत नाही.

निषादावरून मात्र आमचं वाजलं. "धैवतापाठोपाठ निषाद, मालक (२)" म्हणजे धनी, असं त्याचं सूत्र. निषादातला नि ऱ्हस्व, धनीतला नी दीर्घ. तो म्हणाला, गाताना कोण बघतं? मी म्हटलं, घरात अक्षर लिहायचंय, गायचं नाहीये. हे सूत्र मी अजून मान्य केलेलं नाही.

काना-मात्रेच्या बाबतीत मी हट्टी आहे. मराठी कोड्यात एका घरात पूर्ण अक्षर बसतं, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षरही एकाच घरात. 'पुस्तक'ला तीनच घरं लागतात. मग अक्षरांची उलथापालथ करतानाही अख्खं अक्षर हलायला हवं. "कमल विस्कटलं, लेखणी झाली (३)" हे चोख: क-म-ल, क-ल-म. पण "नवरा गडबडला, माकड झाला (३)" हे कितीही मोहक असलं तरी मला चालत नाही. 'नवरा'चं 'वानर' करायला 'रा'चा काना काढून 'व'ला जोडावा लागतो. अक्षर हलवायची परवानगी आहे, मोडायची नाही.

उलटण्याचं एक जुनं उदाहरण आपण लहानपणीच ऐकलेलं असतं. वाल्या कोळी 'मरा मरा' म्हणत राहिला आणि त्याचं 'राम राम' झालं. मी कितीतरी वर्षं याला फक्त उलटलेला शब्द समजत होते. आता दिसतं की तिथे दोन युक्त्या एकाच ठिकाणी आहेत: 'मरा' उलटलं तरी राम, आणि काही न उलटता दोन 'मरा' शेजारी ठेवले तर मधोमध लपलेला राम.

लिंगाचा उपयोग करून घेणारं सूत्र मराठीत किती देखणं होतं, ते दादानं मला दाखवलं. "तो गळ्यात शोभतो, ती कुणालाच नको (२)". अक्षरांची कसलीच हलवाहलव नाही, दोन्ही बाजूंना सरळ अर्थच आहेत. मी जोडप्यांच्या मागे लागले, मग दागिन्यांच्या. वीसेक मिनिटांनी 'तो' आणि 'ती' ही माणसं नाहीत, व्याकरण आहे, असं वाटून गेलं आणि उत्तर समोर आलं. तो हार, ती हार. या सूत्रातला एकही शब्द काढता येत नाही. मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं आहे.

आणि आता माझी चूक. काल सूत्र रचायची पाळी माझी होती. मी पाठवलं, "नदी उलटी फिरली, दिवस उगवला (२)". मला ते फार आवडलं होतं. नदी उलटली की दिन.

दादानं फक्त विचारलं, "वेलांटी कुठली?"

दिवस या अर्थाचा दिन ऱ्हस्व. नदीतली दी दीर्घ. न-दी उलटली की दी-न, आणि दीन म्हणजे गरीब, बापुडा. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करणाऱ्या मला स्वतःच्या सूत्रातली दिसली नव्हती, कारण चित्र सुंदर झालं होतं आणि मी चित्रच बघत बसले होते. पंकजच्या वेळी झालं होतं तेच.

अर्ध्या तासानं मी दुसरं पाठवलं: "गरीब बिचारी नदी उलटी वाहिली (२)". पहिले दोन शब्द अर्थाचे, मग नदी मूळ रूपात, मग उलटायची खूण. बाकी काही नाही.

त्याचं उत्तर लगेच आलं. "दीन. दी दुसरी."